गाडी परमिटवर आहे

आमच्या अंगणात एक मिनीबस उभी आहे. पूर्वी ती शाळेची पोरं वाहायची. नंतर माझ्या नवऱ्याने ती विकत घेतली, वरून पांढरा रंग मारला आणि आत घर केलं. घर म्हणजे काय, तर दोन बाक, जे रात्री पलंग होतात, हातभर ओटा, नळ आणि पडदे. शाळेचा पिवळा रंग अजून दारांच्या फटीत दिसतो.

गाडी घेताना ह्यांनी मला विचारलं नव्हतं. मी अंगणात सांडगे वाळत घातले होते आणि बस थेट सांडग्यांवरून आली. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सावली गावच्या दवाखान्यात मी तीस वर्षं सिस्टर होते, आणि रागीट सिस्टर म्हणून तालुक्यात माझं नाव होतं. ते नाव मी मेहनतीने कमावलं होतं. ह्यांच्यावर मात्र त्याचा कधी परिणाम झाला नाही. हे चंद्रपूरच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल सेक्शनला होते. तिथल्या यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यावर बायकोचा आवाज तो कितीसा वाटणार?

तर ही गाडी, आणि तिच्या छतात सहा दिवे. छताच्या प्लायला वाटीएवढी गोल भोकं पाडून त्यात रुतवलेले. ज्या मिस्त्रीने ते बसवले तो एरवी लग्नाचे रथ आणि मांडव सजवायचा. उजेड म्हणजे लोकांनी वळून बघावं अशी गोष्ट, एवढंच त्याला ठाऊक. त्याने आम्हाला हॅलोजनचे दिवे लावून दिले. दिसायला छान. पण त्यांच्याखाली उभं राहून भाकरी थापायची म्हणजे खाली चूल आणि वरही चूल.

पहिल्याच सहलीला आम्ही आलापल्लीला गेलो. रेस्ट हाउसच्या आवारात परवानगी काढून सागाखाली गाडी लावली. सात वाजता सहाही दिवे लावून ह्यांनी मला बाहेर उभं केलं आणि म्हणाले, "पाह्य, कशी दिसून राह्यली!" दिसत होती खरी. आठ वाजता बॅटरी बसली. सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा लाकडाच्या ट्रकवाल्याने दोर बांधून ओढली. हजारो गावांना वीज पुरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीत सहा दिवे तासभर पेटवता आले नाहीत, हे मी चंद्रपूर येईपर्यंत दर दहा किलोमीटरला ऐकवलं. हे म्हणाले, "एलईडी टाकू." पुढची दोन वर्षं हे म्हणतच राहिले. आम्ही हिंडलो पुष्कळ, पण दिवसा हिंडलो आणि अंधार पडला की टॉर्चवर जेवलो.

मग मागच्या मार्चमध्ये एका सकाळी चहा पिता पिता ह्यांच्या हातातून कप सुटला. उचलायला वाकले तर वाकलेच. मी नर्स आहे. तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं, हा अर्धांगाचा झटका. एकोणीस दिवस नागपूरला वॉर्डात काढले. जीव वाचला, पाय आला, बोलणंही बरंचसं आलं. उजवा हात मात्र आला आणि नाही आला. हलायचा, उचलायचा, पण बोटांना काही कळायचं नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की व्यायाम करा, अजून वेळ आहे. तो वेळ किती असतो हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं, पुढे त्याची चाल फार मंदावते. मी ह्यांना ते सांगितलं नाही. ह्यांनी विचारलंही नाही, म्हणजे ह्यांनाही ठाऊक असावं.

पण हातापेक्षा मला जास्त खुपलं ते ह्यांचं गप्प होणं. विचारलं की "हो", "नाई", "बरं". शर्टाची बटणं मी लावायची, दाढी मी करायची, आणि हे आरशात माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे. ज्या माणसाने आयुष्यभर हातांनी काम केलं त्याचा हात गेला की तो घरात पाहुणा होतो. आमच्या घरात आठ महिने एक पाहुणा राहत होता आणि मी त्याचं सगळं करत होते. खरं सांगायचं तर जरा जास्तच करत होते.

दिवाळी झाली तशी नागपूरहून मुलीचा फोन आला. "आई, काऊन ठेवली ती गाडी? चालवणार कोण? आन बाबा एकटे चढले, पाय घसरला, तं?" तिचं चुकत नव्हतं. तिने बल्लारपूरचा एक माणूसही शोधून ठेवला होता. त्याला चायनीजची गाडी टाकायची होती. येत्या रविवारी तो बघायला येणार होता. आमच्या पलंगाच्या जागी मंचुरियन तळलं जाणार, हे ऐकून मला हसू आलं आणि मग आलं नाही. ही गाडी गेली तर ह्यांच्या हाताला घरात दुसरं काहीच काम उरणार नव्हतं. ज्यामुळे बोटं परत येतील असं काही जर जगात असेल, तर ते ह्या अंगणात उभं होतं. पण मुलीला हे फोनवर कसं सांगायचं? मी "बरं" म्हणाले. ह्यांची सवय मलाही लागली होती.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. जेवण झाल्यावर म्हणाले, "विकायचीच असन तं पहिले लाइट बदलून देऊ. अशी देणं बरं नाई." आठ महिन्यांत ह्यांचं हे सर्वांत लांब बोलणं. मी लगेच पिशवी उचलली.

जटपुरा गेटजवळ एका चाचांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. चाचा म्हातारे आहेत, आणि त्यांच्या दुकानात मी नळाच्या वायसरपासून मिक्सरच्या भांड्यापर्यंत सगळं घेतलं आहे. ह्यांनी नमुन्याला एक जुना दिवा दिला होता आणि बजावलं होतं की बारा व्होल्टचेच आण, घरातले नको. चाचांनी दिवा हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याची मागची प्लास्टिकची वाटी भाजून बिस्किटासारखी झाली होती. ते म्हणाले, "बाई, भाऊले सांगा, वाटीसकट बदला. आन हॅलोजनले प्लस-मायनस कायी समजत नाई, एलईडीले समजते. वायर उलटी लागली तं पेटणार नाई." मग विचारलं, "पिवळा देऊ का सफेद?"

"सफेद द्या," मी म्हणाले. "स्वच्छ पाहिजे."

चाचा म्हणाले, "गाडीत लोकं पिवळा नेतात, बाई." मी म्हणाले, "लोकांचं लोकांपाशी." त्यांनी सहा पांढरे बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी काम सुरू व्हायचं होतं. मला वाटलं, स्टूल ठेवायचं, स्क्रू काढायला पेचकस घ्यायचा आणि लागायचं. पण नाही. ह्यांनी आधी मला वही आणायला लावली.

वीजकेंद्रात एक पद्धत असते. कुठल्याही यंत्रावर हात घालायच्या आधी त्याची वीज बंद करून परमिट घ्यायचं. परमिट म्हणजे एक कागद. अमुक माणूस अमुक जागी काम करतो आहे, वीज तोडली आहे, कुलूप लावलं आहे, असं त्यावर लिहायचं. ज्याच्या नावावर परमिट, किल्ली त्याच्या खिशात. काम संपलं की त्यानेच कागद परत करायचा. तोवर दुसऱ्या कोणीही त्या कामाला हात लावायचा नाही आणि बटण दाबायचं नाही. मोठा साहेब आला तरी नाही. ह्यांच्या हाताखाली बत्तीस वर्षांत एकही माणूस भाजला नाही, आणि ह्याचं सगळं श्रेय हे त्या कागदाला देतात.

"अहो, बारा व्होल्ट," मी म्हणाले. "मुंगी बी मरत नाई त्यानं."

"लिह्य," हे म्हणाले.

मी लिहिलं. काम: छतातले सहा दिवे बदलणे. परमिट देणार: मी. घेणार: हे. सही ह्यांनी डाव्या हाताने केली, पहिलीतल्या पोरासारखी, आणि वही पटकन मिटली. बॅटरीच्या खटक्यावर सुटकेसचं छोटं कुलूप घातलं, त्यावर माझ्या ब्लाउजपीसची लाल चिंधी बांधली आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मग मला विचारलं, "दिलं का परमिट?" मला लाजल्यासारखं झालं. "दिलं," मी म्हणाले.

त्या दिवशी एक दिवा झाला, आणि त्याला अडीच तास लागले.

हे दिवे छतात टिकतात ते दोन बाजूंच्या स्प्रिंगांमुळे. आत घालताना दोन्ही स्प्रिंगा बोटांनी वर दाबून धरायच्या आणि भोकात ढकलून सोडायच्या, की त्या आतून पसरून प्लायला धरतात. उंदराच्या सापळ्यासारखं ते उसळतं. धड माणसालाही त्याला दोन हात लागतात. ह्यांचा डावा शहाण्यासारखा काम करायचा आणि उजवा वर गेला की तिथेच विसरून राहायचा. मी खाली बाकावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणजे सोलण्याचं सोंग करत होते. एक स्क्रू पडला. मी वाकले.

"राहू दे," हे म्हणाले, आणि स्टुलावरून उतरून, खाली बसून, जमीन चाचपून तो स्वतः शोधला. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मी किती शेंगा दाण्यांसकट चुरगाळल्या ते मोजलं नाही.

स्प्रिंग खटकन सुटली तेव्हा उजव्या तर्जनीवर बसली. ह्यांना पत्ता नाही. नव्या पांढऱ्या वाटीवर लाल डाग दिसला तेव्हा मी ओरडले आणि मग ह्यांनी बोटाकडे पाहिलं. आपलं बोट दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. मी पट्टी बांधली. "दुखत नाई ना?" मी विचारलं. हे "नाई" म्हणाले. एरवी रोगी असं म्हणाला की बरं वाटतं.

बुधवारी एक झाला. गुरुवारी एक. म्हणजे तीन झाले, तीन राहिले, आणि रविवार जवळ आला. शुक्रवारी सकाळभर वर हात धरून हात सुजला आणि एकही बसला नाही. हे खाली उतरले, जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ती पाठ मला बघवेना. ह्यांना जमणार नाही ही भीती होतीच, पण ते जमत नाही हे मला शेजारी बसून बघावं लागणार, ह्याची भीती जास्त मोठी होती. हे मी आज कबूल करते. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगितलं की मी मदत करते आहे.

मी गाडीत गेले आणि उरलेले तीन दिवे पाऊण तासात बसवले. चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये सलाइन लावणाऱ्या बाईला स्प्रिंगांचं काय कौतुक! वायरी दोन्ही एकाच रंगाच्या होत्या. ह्यांनी प्लसच्या वायरीला चिमूटभर लाल टेप लावून ठेवली होती, ती मला दिसली नाही, कारण मी चष्मा आणला नव्हता. मग पेटतात का ते बघायला खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली, चिंधी सोडली, कुलूप उघडलं आणि खटका दाबला. पाच पेटले, एक नाही. राहू दे, म्हटलं, सहात एक बिघडलेला निघायचाच. सगळं जसंच्या तसं करून किल्ली परत खिशात टाकली आणि चहा ठेवला. माझ्या मते जसंच्या तसं.

संध्याकाळी हे गाडीत गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आधी छताकडे पाहिलं, स्टुलावर चढून एक दिवा खाली ओढला आणि त्याच्या वायरी बघितल्या. मग खटक्याकडे. मग खाली वाकून चिंधीकडे बराच वेळ पाहिलं. आता मला कळतं की ती चिंधी मी बँडेजची गाठ मारून बांधली होती. तीस वर्षं तीच गाठ मारली, हाताला दुसरी येत नाही.

"कोणी काढलं हे?" असा आवाज अंगणातून आला की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. "मी बसवले. तुमचा हात सुजला होता म्हणून..."

"परमिट कोणाच्या नावावर हाय?"

"अहो, पण..."

"कोणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"माह्या नावावर परमिट, माह्या खिशात किल्ली, आन तू खटका दाबला? मी आत हात घालून असतो तं? बत्तीस वर्षांत माह्या सेक्शनात कोणाची हिंमत नाई झाली! आन ह्या एका लाइटाची वायर उलटी लावली तू, लाल टेप दिसत नाई का तुले? दवाखान्यात दुसऱ्या सिस्टरच्या ट्रेमधली औषधं वाटत होती का तू अशीच?"

हे शेवटचं वर्मी लागलं, कारण दुसरीच्या ट्रेला हात लावला म्हणून मी एका नव्या पोरीला एकदा रडवलं होतं. मी उलट बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. हे बोलत होते. आठ महिन्यांनी सलग, न अडखळता, एकही शब्द न गिळता हे माझ्यावर ओरडत होते. मला हसू फुटलं. मी दाबलं, पण ते डोळ्यांतून बाहेर आलं.

"हासून राह्यली?" हे आणखी भडकले.

"नाई हो," मी म्हणाले. "बोला तुम्ही. चालू द्या."

पुढे चांगलं दहा मिनिटं चाललं. अलीकडच्या काळात मी इतक्या आनंदाने कोणाची बोलणी खाल्लेली नाहीत. रात्री हे दोन वाट्या वरण जास्त जेवले.

शनिवारी सकाळी ह्यांनी मला गाडीतून बाहेर काढलं. "तू इथी बसू नको. माह्या हाताकडे पाह्यतं तू, मंग तो काम नाई करत." ह्यात तथ्य होतं. मी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि ऐकत राहिले. माझे तिन्ही दिवे ह्यांनी काढले. मग खटकन आवाज, एक शिवी, पुन्हा खटकन आवाज. मधे तासभर काही आवाज नाही. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. दुपारचं ताट दारात ठेवलं, ते हे पायरीवर बसून जेवले आणि पुन्हा आत गेले. साडेचारला आतून हाक आली, "ये!"

सहाही दिवे छतात होते. एक किंचित तिरका होता, पण तो मी बघितला नाही असं ठरवलं. ह्यांनी कुलूप काढलं, पडदे ओढले आणि खटका दाबला.

लख्ख उजेड. पांढराशुभ्र, कोपऱ्यातला कोपरा दिसेल असा. मला तर फारच आवडला. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे बाकाची कड धरून उभे होते आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"काय झालं?"

"हा तं वार्डातला लाइट हाय," हे हळूच म्हणाले. "एकोणीस दिवस हाच होता डोक्यावर."

मी वर पाहिलं. खरंच होतं. अगदी तोच. माझं सगळं आयुष्य त्या उजेडात गेलं. तो मला उजेड वाटतच नाही, कामावर आल्यासारखं वाटतं. दुकानात मी डोळे मिटून वॉर्ड विकत घेतला होता. चाचांनी एकदा विचारलं होतं, एकदा सुचवलंही होतं, आणि मी त्यांना लोकांचं लोकांपाशी सांगून आले होते. पाच दिवस झिजून ह्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या डोक्यावर तो वॉर्ड परत टांगला होता, आणि आणून दिला होता मी.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही.

ह्यांनी खटका बंद केला. मग त्यांनी कुलूप परत लावलं, चिंधी परत बांधली, ह्या वेळी आपल्या गाठीने, आणि किल्ली खिशात टाकली. "पिवळे घेऊन ये सोमवारी," हे म्हणाले.

रविवारी अकराला बल्लारपूरचा माणूस आला. चांगला होता बिचारा. टायर बघितले, ओटा बघितला, छत ठोकून बघितलं. लाइट लावून दाखवा म्हणाला. हे पायरीवर बसले होते, तिथूनच म्हणाले, "लावता येत नाई. गाडी परमिटवर हाय."

"आरटीओचं परमिट?" त्याने विचारलं.

"माह्यं परमिट. काम चालू हाय."

"काम तं झालेलं दिसते, भाऊ."

"दिसते. झालं नाई. जोवर माह्यं काम संपत नाई, तोवर गाडी कोणाले देता येत नाई. नियम हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. घरातली शहाणी बाई म्हणून. "बाई, आन काम झाल्यावर तरी ही चालवते कोण?"

"मी," मी म्हणाले. मला स्कूटीपलीकडे काही चालवता येत नाही. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मी परत घेणाऱ्यातली नाही. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ते भिंतीकडे न बघता बघितलेलं बघणं होतं. तो माणूस चहा पिऊन गेला. मुलीला मी फोनवर सांगितलं की सौदा जमला नाही. तिने खोदून विचारलं, तेव्हा ह्यांनी फोन घेतला आणि तिला परमिट म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, राहू द्या." तिचा आवाज ओला होता. बापाचं इतकं बोलणं तिनेही बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं.

सोमवारी सकाळी ह्यांनी पांढरे दिवे उतरवून दिले आणि ते घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी ते परत घेतले, पिवळे बांधून दिले, आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

त्या दुपारी हे पुन्हा स्टुलावर चढले. वही मी न सांगता काढून तारीख टाकून दिली आणि न सांगता बाहेर येऊन बसले. पहिला दिवा पाऊण तासात झाला. दुसरा त्याहून लवकर. आतून काही तरी गुणगुणणं येत होतं, गाणं ओळखू येत नव्हतं, कारण ह्यांना कधीच सूर नव्हता, आजाराआधीही नाही. मी तांदूळ निवडायला घेतले. सावलीहून मैत्रिणीने नवा तांदूळ पाठवला होता आणि उन्हात त्याचा वास सुटला होता.

तिसऱ्या दिव्याला खटकन आवाज झाला आणि हे मोठ्याने ओरडले, "आई गं!"

सूप उलटं करून मी धावले. पायरी चढताना पदर दारात अडकला, तो फाडतच आत गेले. वाटलं, पडले. पडले नव्हते. हे स्टुलावरच उभे होते. उजवा हात छातीशी धरलेला, तर्जनी वर केलेली, तिच्यावर स्प्रिंगेचा लाल वळ. तोंड वेडंवाकडं झालेलं आणि डोळ्यांत पाणी.

"काय झालं?"

"दुखलं ना वं!" हे म्हणाले.

आधी मला शब्दच कळले नाहीत. मग कळले, आणि मी त्यांना हाताला धरून स्टुलावरून उतरवलं, बाकावर बसवलं आणि ते बोट माझ्या हातात घेतलं.

"डोळे मिटा," मी म्हणाले.

ह्यांनी मिटले. मी नखाने बोटाचं टोक दाबलं.

"दुखते?"

"हो ना. काऊन दाबून राह्यली?"

मी पुन्हा दाबलं.

"अवं, दुखून राह्यलं म्हनतो ना! सिस्टर हायेस का कोन हायेस?"

मी तिसऱ्यांदा दाबलं.